रोथमस्टेडचा दिवा आणि पतंगांची मोजदाद

इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १८४३ साली स्थापन झालेले रोथमस्टेड हे कृषी संशोधन केंद्र खतांच्या प्रदीर्घ प्रयोगांसाठी ख्यातनाम आहे. परंतु निशाचर कीटकांच्या अभ्यासाला शिस्त लावणारा दिवाही तेथल्याच शेतात पेटला. कीटकशास्त्रज्ञ सी. बी. विल्यम्स यांनी १९३३ मध्ये तेथे प्रकाशसापळा, म्हणजे उजेडाकडे आलेला कीटक आत शिरावा पण त्याला बाहेर पडता येऊ नये अशी विजेच्या दिव्याभोवतीची रचना, सुरू केला. १९३६ अखेरपर्यंतच्या चार वर्षांत त्यात सापडलेले मोठ्या आकाराचे १५,६०९ पतंग २४० जातींचे निघाले आणि त्यांतील ३५ जातींचा तर प्रत्येकी एकच पतंग हाती लागला होता. थोड्या जाती विपुल आणि पुष्कळ जाती विरळ असतात, या निरीक्षणाला संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी गणिती रूप दिले. फिशर, कॉर्बेट आणि विल्यम्स यांच्या १९४३ च्या निबंधातून ‘अल्फा’ हा विविधता-निर्देशांक, म्हणजे नमुन्याच्या लहानमोठेपणाने फारसे न बदलणारे जातिसमृद्धीचे माप, अभ्यासकांना मिळाला.

पुढे अशा सापळ्यांचे जाळे ब्रिटनभर पसरले आणि १९६८ ते २०१७ या काळात त्यांत सापडणाऱ्या मोठ्या पतंगांची एकूण संख्या ३३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. या घटीमागे शेतीतील बदल, अधिवासाचा नाश आणि हवामान ही कारणे होतीच. त्यांतून रस्त्यांवरील उजेडाचा वाटा वेगळा काढणे मात्र अवघड होते, कारण दिव्याखाली जमलेली पतंगांची गर्दी विपुलतेचा आभास निर्माण करते. म्हणून संशोधकांनी फार दूर न जाणाऱ्या सुरवंटांची मोजणी केली. दक्षिण इंग्लंडविषयी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रस्त्याच्या दिव्यांखालील झुडपी कुंपणांत सुरवंट ४७ टक्क्यांनी आणि गवताळ कडांवर ३३ टक्क्यांनी कमी आढळले. पिवळ्या सोडियम दिव्यांपेक्षा पांढऱ्या एलईडी दिव्यांचा परिणाम अधिक तीव्र होता.

पतंग दिव्यावर झेपावतो ते उजेडाच्या ओढीने, ही जुनी समजूतही आता सुधारावी लागते. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या उड्डाणांवरून २०२४ मध्ये असे मांडले गेले की आकाशाच्या उजळ बाजूकडे पाठ ठेवून तोल सावरणारा कीटक जवळच्या दिव्यालाच आकाश समजतो आणि त्याच्याभोवती अडकून पडतो.

एका दिव्याने कीटकांचे वैविध्य मोजायला शिकवले आणि असंख्य दिवे आता ते वैविध्य विरळ करीत आहेत. मात्र मातीत मुरणाऱ्या विषासारखा उजेड मागे साचून राहत नाही; तो मालवला, झाकला वा मंद केला की त्याच रात्री अंधार परत येतो. ज्या पतंगांमुळे विज्ञानाला हे माप लाभले, त्यांना त्यांची रात्र परत देणे म्हणूनच शक्य आहे आणि ते माणसाचे कर्तव्यही आहे.