गाडी रिझर्व्हला लागते तेव्हा

टर्बो हा शब्द आमच्या मैंदर्गीच्या बाजूला मोटारीतून आला नाही, ट्रकवरून आला. अक्कलकोट रस्त्याने ऊस आणि तुरीची पोती घेऊन जाणाऱ्या ट्रकांच्या तोंडावर हे नाव दिसायला लागलं आणि टर्बो म्हणजे काहीतरी जोरदार, एवढा अर्थ आम्ही काढून ठेवला. पुढे पंखे, मिक्सर, बूट, सगळंच टर्बो झालं. मूळ वस्तू काय आहे हे मात्र बरीच वर्षं कुणी विचारलं नाही.

आता विचारावं लागतं. टर्बोवाली जुनी गाडी घ्यायची आणि तिची ताकद आणखी वाढवून घ्यायची, ही हौस पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. पुण्यात नोकरी करणारी आपल्याकडची पोरं त्याच गाडीने गावी येतात आणि मग घरोघरी एकच वाद ऐकू येतो: "अरे, पण इंजिन टिकेल का?" हा प्रश्न टर्बोइतकाच जुना आहे, म्हणून म्हटलं त्याचा इतिहासच लिहून काढावा.

इंजिनात जाळलेल्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णताच चाकांच्या कामाला येते. एक तृतीयांश पाण्यात आणि रेडिएटरमध्ये जाते, उरलेली सायलेन्सरमधून धुराबरोबर. हा धुरातला हिस्सा आल्फ्रेड ब्यूशी नावाच्या स्विस इंजिनिअरला खुपत होता. त्याने १९०५ मध्ये पेटंट घेतलं. कल्पना सोपी: बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त.

फुकटात मिळाल्यासारखं वाटतं ना? पण ब्यूशीला ते नीट चालवून दाखवायला पुढची वीस वर्षं लागली. धुराची धग सोसणारा धातूच नव्हता. १९२५ च्या सुमारास त्याला यश आलं आणि मग 'प्रॉइसन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' या दोन जर्मन प्रवासी जहाजांवर टर्बो बसले. १७५० अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनातून २५०० मिळाली. हे शक्य झालं कारण जहाजाचं इंजिन अवजड आणि संथ. त्याच्या अंगात मुळातच जास्तीचा दम होता.

दरम्यान विमानवाल्यांचा प्रश्न वेगळा होता. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकतं. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉसने ३५० अश्वशक्तीचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या चौदा हजार फुटी डोंगरावर नेलं. तिथे ते जेमतेम २३० देत होतं. टर्बो लावल्यावर ३५६ मिळाली. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की टर्बोने इंजिनाकडून ठरलेल्यापेक्षा जास्त फारसं मागितलंच नाही. उंचीने हिरावलेलं तेवढं परत दिलं. दोन्हींत फरक आहे आणि तो पुढे सगळेच विसरले.

मोटारींमध्ये टर्बो आला १९६२ मध्ये. त्यात ओल्ड्समोबील जेटफायर ही गाडी मला फार बोलकी वाटते. साडेतीन लिटरच्या इंजिनातून २१५ अश्वशक्ती हवी होती, पण दाबलेली हवा तापते आणि तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच भडकतं. याला आपले मिस्त्री 'इंजिन नॉक करतं' म्हणतात. पिस्टनवर बाहेरून हातोडा मारल्यासारखा तो धक्का असतो. उपाय म्हणून कंपनीने पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण फवारणारी वेगळी टाकी दिली. लोक ती भरायला विसरायचे. टाकी रिकामी झाली की इंजिन वाचवण्यासाठी गाडी आपला जोर आपोआप कमी करायची, मग मालक तक्रार करत परत यायचे. दोन वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास गाड्या विकून प्रकरण आटोपलं. पुढे कंपनीने मालकांना टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून द्यायची सोय केली. म्हणजे इंजिनिअरचं गणित बरोबर होतं, फक्त त्या गणितात टाकी भरायला विसरणारा माणूस धरलेला नव्हता.

दुसरं टोक फॉर्म्युला वनमध्ये दिसलं. रेनोने १९७७ मध्ये दीड लिटरची टर्बो गाडी शर्यतीत आणली. ती इतक्यांदा धूर सोडत बंद पडायची की लोक तिला पिवळी किटली म्हणू लागले. पण १९७९ मध्ये तिने फ्रान्समधली शर्यत जिंकली आणि १९८३ मध्ये नेल्सन पिके बीएमडब्ल्यूच्या टर्बो इंजिनावर विश्वविजेता झाला. त्या इंजिनाचा मूळ ब्लॉक रोजच्या वापरातल्या गाडीच्या घराण्यातला. १९८६ पर्यंत पात्रता फेरीपुरतं ते तेराशेच्या आसपास अश्वशक्ती देत असे, असा अंदाज आहे. अंदाज, कारण मोजायचं यंत्र तिथवर पोचत नव्हतं. मात्र ती ताकद चार-दोन फेऱ्यांची. मग इंजिन काढायचं आणि शर्यतीला दुसरं, कमी दाबाचं बसवायचं. तिथे पैसा होता, मेकॅनिकांची फौज होती आणि मुख्य म्हणजे इंजिन फुटणार हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं होतं.

घरच्या गाडीसाठी वाट दाखवली ती स्वीडनच्या साबने. १९७७ मध्ये दाखवलेल्या ९९ टर्बोत त्यांनी हवेचा दाब बेताचा ठेवला आणि जास्तीचा धूर बाजूने सोडून देणारी झडप बसवली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नॉक 'ऐकणारा' सेन्सर आला. इंजिन ठोकायला लागलं की दाब आपोआप कमी. आजच्या प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडीत हीच शिस्त कॉम्प्युटरमध्ये लिहिलेली असते.

आता आपल्याकडे येऊ. गाडीची ताकद वाढवायचा नाद टर्बोच्याही आधीचा. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. त्यांच्या कारखान्यातली फियाट म्हणजे १०८९ सीसी आणि जेमतेम चाळीसेक अश्वशक्ती. तिला घेऊन लोक चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती करायचे. त्या काळी ट्यूनिंग म्हणजे हेड उतरवायचं, हवेच्या वाटा कानशीने घासायच्या, दुसरा कार्बोरेटर बसवायचा. आठवडे घालवून थोडीशी अश्वशक्ती हाती लागायची. हाताला फोड यायचे, त्यामुळे प्रत्येक घोड्याची किंमत कळायची.

डिझेल टर्बो आपल्या रस्त्यांवर रुळला तो १९९८ मधल्या टाटा सफारीने आणि २००२ मधल्या महिंद्र स्कॉर्पिओने. पेट्रोल टर्बोची खरी चटक लावली ती औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला जुळणी होणाऱ्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसने. २००४ मध्ये १.८ लिटरमध्ये १५० अश्वशक्ती ही आपल्यासाठी अपूर्वाईच होती. मग २०१३ मध्ये चाकणहून फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आली. बारा सौ सीसी, १०५ अश्वशक्ती. २०२२ मध्ये पोलो बंद झाली, पण जुन्या पोलोंना अजून गिऱ्हाईक आहे आणि त्यातली बरीच पोरं पहिलं काम करतात ते 'रीमॅप'. लॅपटॉप जोडायचा, दाब आणि ठिणगीची वेळ बदलायची, चहा होईपर्यंत ताकद पाव हिश्शाहून जास्त वाढते. कानस नाही, फोड नाहीत.

ही वाढ येते कुठून? इंजिनिअरने राखून ठेवलेल्या जागेतून. टर्बो गाडीत ती जागा मोठी असते, म्हणूनच ट्यूनर लोकांना ती आवडते. पण ती कंपनीने आळसाने सोडलेली नसते. ती असते खराब पेट्रोलसाठी, लांबलेल्या ऑइल बदलासाठी, पाच माणसं आणि डिकीत ज्वारीचं पोतं घेऊन चढलेल्या घाटासाठी. आणि उन्हाळ्यासाठी.

उन्हाळ्याचं गणित मी कागदावर करून पाहिलं. हवा साधारण पावणेदोन-दोन पट दाबली, तर बाहेर २५ अंश असताना टर्बोतून निघणारी हवा शंभरच्या पुढे जाते. बाहेर ४४ असेल, म्हणजे आपला मे महिना, तर ती सव्वाशेच्या वर. इंटरकूलर तिला थंड करतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणजे थंड गावात आखलेला मॅप आपल्याकडे दुपारी दोन वाजता चालवला, तर राखीव जागेतला मोठा वाटा सूर्याने आधीच खाल्लेला असतो.

पेट्रोलही बदललं. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण आलं. उसाच्या आपल्या जिल्ह्याला त्याचं कौतुक असणारच. इथेनॉल नॉक कमी करतं ही जमेची बाजू. पण त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, म्हणून इंजिनाला इंधन जास्त फवारावं लागतं. कॉम्प्युटर हे एका मर्यादेपर्यंत जमवून घेतो. जुन्या पेट्रोलवर बेतलेला मॅप आणि आधीच शेवटापर्यंत ताणलेले इंजेक्टर असतील, तर इंधन कमी पडतं आणि इंजिन आतून तापतं.

हे सगळं मी लिहितोय त्याला निमित्त माझा भाचा. तीन वर्षांच्या बचतीतून त्याने जुनी टर्बो गाडी घेतली आणि "मामा, मॅप करू का?" असं विचारलं. या गाडीने तो आईला महिन्यातून एकदा तपासणीसाठी सोलापूरला नेतो. त्याला मी 'नको' म्हटलं नाही. मामाने नको म्हटलं की भाचे नक्की करतात. :) मी त्याला चार गोष्टी सांगितल्या. आधी इंजिनाचं कॉम्प्रेशन तपास, कारण म्हाताऱ्या इंजिनात राखीव काही उरलेलंच नसतं. गिअरबॉक्स आणि क्लच किती जोर सोसतात ते विचार, लॅपटॉपने ते बदलत नाहीत. टॉप गिअरमध्ये कमी आरपीएमवर अॅक्सिलरेटर दाबू नकोस, थेट फवाऱ्याच्या टर्बो इंजिनात तिथेच वेळेआधी भडका उडून पिस्टन तडकतो. आणि जोरात पळवून आल्यावर गाडी लगेच बंद करू नकोस. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं आणि तेल थांबलं की बेअरिंगमध्ये ते जळून कोळसा होतं. जुने ट्रक ड्रायव्हर हे न शिकवता पाळायचे. वॉरंटी आणि इन्शुरन्सचं काय होतं, हे त्याने लेखी विचारायचं कबूल केलंय. ताई, तू हे वाचत असशील तर काळजी करू नकोस, निर्णय अजून झालेला नाही.

जुन्या स्कूटरला पेट्रोलची चावी असायची. गाडी अडखळली की चावी रिझर्व्हला फिरवायची आणि माणूस पंप शोधायला लागायचा. राखीव किती आणि ते कधी सुरू झालं, दोन्ही कळायचं. इंजिनाच्या ताकदीला अशी चावी नसते. रीमॅप केल्यावर गाडी अडखळत नाही, उलट छान पळते. आपण राखीव वापरतोय हे सांगणारं काहीच उरत नाही, आणि कळतं तेव्हा बहुतेक वेळा टेंभुर्णी आणि मोहोळच्या मध्ये कुठेतरी रात्र झालेली असते.

ब्यूशीपासून साबपर्यंत ज्यांची इंजिनं टिकली, त्यांनी ताकद घेतली नाही असं नाही. त्यांनी जितकी घेतली तितकी भर दुसरीकडे घातली: चांगला धातू, जास्त गारवा, ऐकणारा सेन्सर. जेटफायरने भर घालायचं काम मालकावर सोपवलं आणि फसली. तेव्हा 'इंजिन टिकेल का' याचं उत्तर ट्यूनरकडे नसतं. घेतलेल्या ताकदीची भरपाई कोण करणार आणि मे महिन्यात करणार का, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे असतं.

असो. फार तांत्रिक झालं असेल तर सांभाळून घ्या. तुमच्यापैकी कुणी आपल्या उन्हाळ्यात मॅप केलेली गाडी चार-पाच वर्षं चालवली असेल, तर जरूर लिहा. भाच्याला दाखवीन.