चूल एक झाली, गावकूस तसंच



राष्ट्रीय एकात्मतेची शिबिरं आपण सगळ्यांनीच पाहिलीत. चार दिवस गाणी, प्रभातफेऱ्या, एका पंगतीत भात-आमटी. शेवटच्या दिवशी पुढारी येतो, भाषण ठोकतो, फोटो निघतो. संध्याकाळी एस.टी.तून उतरलं की ज्याची त्याची पायवाट ज्याच्या त्याच्या वस्तीकडं जाते. म्हणून 'ऐक्य' म्हटलं की आपल्याला हसू येतं. पण नुसतं हसून भागायचं नाही. तरुण पोरांना जातीच्या भिंती ओलांडायला लावणारा एक खरा प्रयोग आपल्याच सातारा-सांगलीच्या मातीत झाला. तो कुठं जिंकला आणि कुठं अडला, हे आपण कार्यकर्त्यांनी तपासलं पाहिजे.

आधी सातारा. ७ नोव्हेंबर १९०० ला इथल्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर हे नाव रजिस्टरात चढलं. तेच आजचं प्रतापसिंह हायस्कूल. साताऱ्यातल्या शाळेच्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. बसायला गोणपाट घरून न्यायचं आणि घरी परत आणायचं, कारण शाळेतला गडी त्याला हात लावायचा नाही. तहान लागली तरी नळाला शिवायचं नाही. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर कोरडा घसा. म्हणजे शाळा एक, मास्तर एक, पुस्तक एक. आणि पोरगं तरीही गावकुसाबाहेरच. एका छपराखाली आणलं म्हणजे एकत्र आणलं, असं होत नाही. हा पहिला धडा.

त्याच काळात कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहांचा धडाका लावला. मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, आणि १९०८ ला अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. त्या वसतिगृहांमुळं हजारोंच्या हातात पाटी आली, हे विसरणारा कृतघ्न. पण पंगत जातीजातीची राहिली. जैन बोर्डिंगात शिकणारा एक मुलगा मिस क्लार्कच्या समारंभाला गेला. परत आल्यावर म्हणाले, आंघोळ करून आत ये. तो म्हणाला, करत नाही. त्याला बोर्डिंगातून काढलं. तो मुलगा म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म कुंभोजचा, घर वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं.

या भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. डोक्यात सत्यशोधक विचार. १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं आणि तिथं शाहू महाराजांच्याही पुढचं पाऊल टाकलं: चूल एकच ठेवली. मराठा, महार, मांग, चांभार, रामोशी, मुसलमान, जैन, सगळ्यांचा एक तवा. पोरांनीच दळायचं, पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, भांडी घासायची, शेतात राबायचं. यात जातीचा खेळच मोडतो बघा. जात काय सांगते? कुणी रांधायचं, कुणी वाढायचं, कुणी लांब बसायचं. इथं पाळी लावली की आज मांगाच्या पोरानं थापलेली भाकरी पाटलाच्या पोराच्या पोटात, आणि उद्या पाटलाचं पोर त्याचं ताट घासतंय. हे भाषण नव्हतं, रोजचं काम होतं. भाषण माणूस विसरतो, रोजचं काम अंगात भिनतं.

पैसा कुठून आला? गावोगाव फिरून धान्य गोळा करून. आणि एकदा वसतिगृहात खायला काही उरलं नाही तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांच्या गळ्यातलं मंगळसूत्र विकून. या बाईचं माहेर आणि सासर सोवळ्या-ओवळ्याच्या वळणाचं. तिनं सगळ्या जातींची पोरं पोटच्या पोरासारखी सांभाळली. १९३० ला ती गेली. ऐक्याची किंमत कुणीतरी अशी अंगावर घ्यावी लागते. १९२७ ला गांधी आले आणि वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. फोटो गांधींचा लागतो. चुलीपुढं बसलेली लक्ष्मीबाई फोटोत क्वचित दिसते.

जरा बाहेर बघा. अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या पोरांच्या शाळा कायद्यानं वेगळ्या होत्या. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं १९५४ ला. १९५७ ला लिटल रॉक गावात नऊ काळी मुलं गोऱ्यांच्या हायस्कुलात घालायला सैन्य आणावं लागलं. त्याच्या तीस वर्षं आधी साताऱ्यात एका तव्यावरची भाकरी चालू होती. पण म्हणून छाती फुगवू नका. बाबासाहेबांनी १९४६ ला अमेरिकेतले काळ्यांचे विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहिलं, ते दोघांचं दुखणं एकाच जातीचं ओळखून. आणि १९७२ ला मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं, तेही तिथल्या ब्लॅक पँथरकडं बघूनच. दुखणं तिथं रंगाचं, इथं जन्माचं. औषध दोन्हीकडं अपुरं पडलं.

कुठं अपुरं पडलं? वसतिगृहाच्या दारात. पोरगं सुट्टीत गावी गेलं की पुन्हा महारवाडा, मांगवाडा. चूल एक झाली, पण जमीन, पाणवठा आणि सोयरीक जागच्या जागी. आणि कित्येक पोरं त्या दारापर्यंत पोचलीच नाहीत. अण्णा भाऊ साठे १९२० ला वाटेगावात जन्मले, भाऊरावांच्याच वाळवा तालुक्यात. शाळा दीड दिवसाची. पुढची शाळा मुंबईच्या रस्त्यावर आणि गिरणीत.

१९४३ ते ४६ या काळात इथंच पत्रीसरकार उभं राहिलं. क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी. तुफान सेनेत गावोगावची तरणी पोरं. सावकार-गुंडांना चाप बसला, कमी खर्चात लग्नं लागली, शिवाशिवीविरुद्धही काम झालं. पण महारकी सुटली नाही. महार वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. आणि १९४८ ला गांधीखुनानंतर याच जिल्ह्यांत ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. घर जळालं म्हणून जात जळत नाही. ब्राह्मणविरोध म्हणजे जातिअंत, असा घोटाळा ज्यांचा झाला त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

बाबासाहेबांनी १९३६ लाच सांगून ठेवलं होतं: सहभोजनानं जात मरत नाही, बेटीव्यवहार आणि धर्मशास्त्राच्या सत्तेवर घाव घातल्याशिवाय ती हलत नाही. दुसऱ्यांच्या दयेवर विसंबून न राहता त्यांनी समता सैनिक दलही काढलं होतं. आपलं स्वतःचं बळ नसेल तर एकत्र येणं म्हणजे पंगतीत शेवटची जागा मिळणं. ऐक्य बरोबरीच्यांत होतं. हा दुसरा धडा, आणि तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा.

हे जुनं झालं म्हणाल, तर २०२३ साल बघा. मिरज तालुक्यातल्या बेडगमध्ये बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली गेली, आणि आपली कुटुंबं गाव सोडून पायी मुंबईच्या वाटेला लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत मोबाईलवरच्या पोस्टवरून दंगल उसळली आणि मशिदीत एका मुसलमान तरुणाचा जीव गेला. ही तीच भूमी, जिथं शंभर वर्षांपूर्वी एका चुलीवर सगळ्यांचा स्वयंपाक होत होता. चूल पेटती ठेवली नाही, की मग घरं पेटतात.

तेव्हा काम काय? बाबा आढावांनी १९७० नंतर 'एक गाव एक पाणवठा' चळवळ केली, ती गावोगाव जाऊन पाणवठे बघत. आपणही तेच करू. आपल्या तालुक्यातलं एकेक गाव घ्या. टाकीचं पाणी आपल्या वस्तीत शेवटी येतं का? स्मशान एक आहे का दोन? गावजेवणात कोण रांधतं, कोण वाढतं, कोण शेवटी बसतं? जातीबाहेर लग्न केलेलं जोडपं गावात राहू शकतं का? लिहून काढा, गावापुढं वाचा. मग मराठ्याच्या, मुसलमानाच्या, धनगराच्या पोराला हाक मारा. म्हणा, फोटोला नको, पाळी लावायला ये. जो येईल तो दोस्त.

पंगतीची वर्गणी आपण पुष्कळ भरली. आता चुलीचा हिशोब मागायचा.

जयभीम.