चर्बी, सोजिश आणि पुण्याचा एक फोटो

गेल्या हिवाळ्यात कळवणला आमच्या मोहल्ल्यातल्या एका माणसाच्या जनाज्यात उभा होतो. वय माझ्याएवढंच, पंचेचाळीसच्या आसपास. कांद्याच्या खळ्यावर हिशेब बघायचा. अंगाने काडीसारखा. रात्री छातीत दुखायला लागलं आणि नाशिकला नेता नेता वाटेतच गेला. कब्रस्तानातून परतताना एक चाचा म्हणाले, "अरे, त्याच्या अंगात चर्बी होती कुठे? मग अटॅक कसा?" दुसऱ्या दिवशी शाळेत एक सहकारी अगदी सहज, कुठलाही वाईट हेतू नसताना बोलून गेले, "सर, तुमच्यात मटण जास्त ना, त्याचंच होतं हे."

दोन्ही वाक्यांत आरोपी एकच, चर्बी. चाचांना ती अंगावर दिसली नाही, सरांना ती ताटात दिसली. मी विज्ञानाचा शिक्षक नाही, उर्दू आणि मराठी शिकवतो. पण हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचत गेलो. त्यात जो इतिहास सापडला, तो इथे मांडतो.

सुरुवात शब्दापासून करतो, कारण माझा धंदाच तो आहे. शरीरात जखम किंवा जंतू शिरला की तिथे लाली, सूज, उष्णता आणि वेदना येतात. ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात लिहून ठेवली. इब्न सीनाच्या 'अल्-कानून'मध्ये 'वरम' म्हणजे सुजेची सविस्तर चर्चा आहे. उर्दूत आपण याला 'सोजिश' म्हणतो. हा शब्द मराठी 'सूज'चा भाऊ वाटतो, पण त्याचं घराणं वेगळं. तो फारसी 'सोख्तन' म्हणजे जळणे, यातून आला. गझलेतला 'सोज' तोच. मराठीतला 'दाह'ही जळण्याचाच. म्हणजे जुन्या लोकांनी या आजाराकडे आग म्हणून पाहिलं. आणि 'चर्बी'? तोही शब्द फारसीतूनच मराठीत आला. आग आणि चर्बी यांचं नातं काय, हा वाद मात्र एकोणिसाव्या शतकातला.

व्हिएन्नाचे रोकितान्स्की म्हणत होते, रक्तातला माल रगेच्या भिंतीवर साचतो, दाह नंतर येतो. बर्लिनचे रुडॉल्फ फिर्शो म्हणत होते, आधी भिंतीत दाह असतो, चरबीचा बिघाड त्याच्या मागून. दोघांनी प्रेतांच्या रगा तपासल्या होत्या, पण जिवंत शरीरात आधी काय आणि मागून काय घडतं हे प्रेत सांगत नाही.

१८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटा टोचला. काही तासांनी पाहिलं तर फिरत्या पेशी त्या काट्याभोवती जमल्या होत्या. परक्या वस्तूला गिळणाऱ्या या पेशी आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या जातीच्या. या कामासाठी त्यांना १९०८ चं नोबेल एर्लिक यांच्याबरोबर मिळालं. पुढे १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला अनिचकॉफ आणि खलातोव यांनी सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं. सशांच्या रगांत चरबीचे थर तयार झाले. जगाने त्यातला अर्धा धडा घेतला, 'कोलेस्टेरॉल वाईट'. तो खोटा नव्हता. पण त्या थरांत चरबीने फुगलेल्या पेशीही होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या साबणाच्या फेसासारख्या दिसतात, म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. त्यातल्या पुष्कळशा मुळात पांढऱ्या पेशीच.

संरक्षणासाठी असलेली पेशी चरबीने फुगते कशी? १९७९ मध्ये अमेरिकेत गोल्डस्टाइन आणि ब्राउन यांच्या गटाने दाखवलं, की शरीरातल्या बहुतेक पेशी पोट भरलं की कोलेस्टेरॉल घेण्याचं दार बंद करतात. पण भिंतीत शिरलेल्या या पांढऱ्या पेशींना एक वेगळं दार असतं. त्यातून बिघडलेलं, रूप बदललेलं कोलेस्टेरॉल आत येतं, आणि पेशी भरली तरी ते दार मिटत नाही.

दाहाचं काम इथेच कळतं. जंतूशी लढताना पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. 'इंटरल्यूकिन-१ बीटा' हा त्यातला एक. असे निरोप मिळाले की रगेच्या आतल्या अस्तराला पांढऱ्या पेशी चिकटायला लागतात आणि भिंतीत शिरतात. यातले काही निरोप पेशीतून कोलेस्टेरॉल बाहेर काढण्याची वाटही अरुंद करतात. आत येणं चालू, बाहेर जाणं मंद. जंतूशी चार दिवसांच्या लढाईत हे खपून जातं. पण निरोप वर्षानुवर्षं येत राहिले तर पेशी भरत जाते. २०१० मध्ये आणखी एक गोष्ट कळली. पेशीत कोलेस्टेरॉलचे स्फटिक झाले की ती पेशीच नवे इंटरल्यूकिन-१ बीटा सोडते. म्हणजे आगीने चर्बी साचते आणि चर्बी आग वाढवते. रोकितान्स्की आणि फिर्शो दोघेही अर्धे बरोबर होते.

आता पुण्याकडे वळतो, कारण चाचांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचा एक फोटो जानेवारी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघे शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा दोघांचा सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीचा. यडकिन यांच्या गटाने नव्वदच्या दशकातच दाखवलं होतं, की चरबीचा थर नुसता पडून राहत नाही, तो दाहाचे निरोप रक्तात सोडतो.

याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, म्हणजे इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी. स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने शाबूत. ही बाळं शेतकरी घरांतली. त्यांनी जन्माआधी बिर्याणी खाल्ली नव्हती. आईच्या पोषणाची कमतरता मुलाच्या शरीराची ठेवण ठरवते, हे त्यातून पुढे आलं. माझ्या सहकाऱ्याला मी एवढंच सांगितलं. मटण, तूप, तेल जास्त झालं तर ते घातकच, हेही सांगितलं. पण आजाराला जात-धर्माचं ताट चिकटवलं की खरी कारणं नजरेआड होतात.

नुसती आग विझवली तर काय होतं, याची परीक्षा २०१७ मध्ये झाली. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांवर इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणारं औषध तपासलं. कोलेस्टेरॉल तसंच राहिलं, तरी मधल्या डोसमध्ये पुढचे अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. आग शरीराला लागतेही, हे विसरून चालत नाही.

मग नजर गेली जुन्या औषधाकडे. युनानीतलं सुरंजान तुम्ही ऐकलं असेल. हकीम ते शतकानुशतकं सांधेदुखीवर देत आले, इब्न सीनानेही दिलं. त्याच्या जातीच्या वनस्पतीतून निघणारं कोल्चिसिन पांढऱ्या पेशींची धावपळ कमी करतं. २०२० मध्ये साडेपाच हजार हृदयरुग्णांवरच्या चाचणीत त्याच्या लहान डोसाने धोका ३१ टक्क्यांनी कमी झाला. २०२४ च्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. यावरून 'सगळं आमच्या किताबांत होतंच' असं म्हणणाऱ्यांत मी नाही. इब्न सीनाला पांढरी पेशी माहीत नव्हती. आणि सुरंजान विषारी आहे, अत्तारकडून आणून घरी घेऊ नका.

त्या घरी पुन्हा गेलो तेव्हा त्याच्या धाकट्या भावाला, तोही तसाच बारीक, म्हटलं, वजनकाट्यावर जाऊ नकोस, टेप घे. आपल्या पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत हवी, बायकांची ८० च्या. ब्लडप्रेशर, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घे. तंबाखू सोड, ती रगांतली आग पेटती ठेवते. तो हसला, "सर, तुमची किती?" मी घरी येऊन मोजली. चौऱ्याण्णव भरली. सोमवारी आम्ही दोघेही रक्त तपासायला जाणार आहोत.