कृष्णाकाठचे तीन रस्ते

सकाळी पळायला चांगली जागा कुठली असा विषय निघाला की पुणेकरांची गाडी वेताळ टेकडी, सिंहगड आणि पाषाण तलाव ह्यांच्यापुढे सहसा जात नाही. माझं उत्तर मात्र ठरलेलं आहे. वाई! पुण्याहून दोन-अडीच तासांवर आहे, आणि शनिवारी पहाटे गावात पाय ठेवला की समोर कृष्णा, मागे पांडवगड. पळणाऱ्याला अजून काय लागतं?

आता रस्ते तीन. तिन्ही नदीच्या कडेने जातात आणि तिन्हींचं अंतर वेगळं. पण गंमत अशी की गावातल्या घाटापासून उगमाच्या दिशेने जसजसं पळत जावं तसतसा इतिहास पुढे सरकतो. पहिल्या रस्त्यावर १७६२ साल भेटतं, दुसऱ्यावर १७६८, आणि तिसऱ्यावर आपण थेट १९७०च्या दशकात येऊन पोचतो. (पसरणीचा घाटही आहे, शाहीर साबळ्यांच्या गावावरून पाचगणीला चढणारा. पण तो नदी सोडून जातो आणि मांड्यांची पार वाट लावतो, म्हणून त्याबद्दल पुन्हा कधीतरी.)

पहिला रस्ता गावातलाच. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी असे एकाला लागून एक घाट. अंतर फार नाही, दोन-तीन फेऱ्या मारल्या की पाय मोकळे होतात. पायऱ्यांवर मात्र जपून, सकाळी ओल्या असतात आणि आपल्याआधी कपडे धुणारी मंडळी आलेली असतात.

इथला ढोल्या गणपती सगळ्यांना माहीत आहे. गणपतराव भिकाजी रास्ते ह्यांनी ते देऊळ १७६२ मध्ये बांधलं. आता जरा साल बघा. आदल्या वर्षी जानेवारीत पानिपत झालेलं. त्यात विश्वासराव गेला, आणि पाठोपाठ जूनमध्ये त्याच धक्क्याने नानासाहेब पेशवे गेले. नानासाहेबांची बायको गोपिकाबाई ही ह्याच रास्त्यांची मुलगी. तिचा सोळा वर्षांचा मुलगा माधवराव पेशवा झाला, म्हणजे वाईचे रास्ते आता गादीवरच्या पेशव्याचे सख्खे मामा! एका घरात सुतक आणि सत्ता एकाच वर्षी आली, आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षी हे देऊळ उभं राहिलं.

पण मला त्या देवळातली सगळ्यात आवडती गोष्ट मूर्ती नसून मागची भिंत आहे. ती माशाच्या आकाराची आहे. पूर आला की पाणी भिंतीवर थडकायच्या ऐवजी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं, हा हेतू. आम्ही सॉफ्टवेअरवाले 'लोड कसा येईल' ह्यावर मीटिंगा घेतो, त्या माणसाने तो विचार दगडात करून ठेवला आहे. देऊळ पाण्यात जाणार हे गृहीतच धरलेलं. मोठ्या पुरात अजूनही जातं, पाणी ओसरलं की पुन्हा उभं असतंच.

ह्याच घाटांवर दरवर्षी कृष्णाबाईचा उत्सव होतो, एकेका घाटाचा वेगळा. त्याची सुरुवात, असं सांगतात, अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी केलेल्या नवसातून झाली. खान वाईचा जुना सुभेदार होता, १६५९ मध्ये इथेच तळ देऊन मग प्रतापगडाकडे गेला. नवसाची कथा खरी असो वा नसो, गावाने आपली भीती नदीच्या हवाली केली आणि तिचा उत्सव केला, एवढं तर दिसतंच.

दुसरा रस्ता मेणवलीचा. वाईपासून तीनेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सहा. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनच डोकावणारी नदी. नव्याने पळायला लागलेल्यांना हाच सुचवेन.

मेणवली हे नाना फडणविसांचं गाव. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ते त्यांना १७६८ मध्ये इनाम दिलं. नाना स्वतः पानिपतावर होते. तिथून ते जीव वाचवून परत आले, पण आई मात्र गमावून बसले. पुण्याच्या राजकारणात पुढे मुरलेल्या ह्या माणसाने इथे वाडा बांधला, घाट बांधला, देवळं बांधली. इथल्या दप्तरातले कागद पुढे द. ब. पारसनीसांनी उजेडात आणले, म्हणून आपल्याला पेशवाईची इतकी बारीकसारीक माहिती आहे.

घाटावर एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी! चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. समुद्राकाठची घंटा डोंगर चढून नदीकाठी आली. पुढे २००४ मध्ये ह्याच घाटावर 'स्वदेस' चित्रित झाला. त्यातला नासाचा इंजिनिअर वाहत्या पाण्यावर वीज करून गावात दिवा लावतो. आमच्या पिढीतल्या परदेशी गेलेल्या कितीतरी पोरांना त्या सिनेमाने रात्रभर जागं ठेवलंय.

आणि खऱ्या धरणाची भिंत तिथून पुढे पाचेक किलोमीटरवरच आहे. हा तिसरा रस्ता, वाई ते धोम. जाऊन-येऊन सोळा-सतरा किलोमीटर, शेवटी थोडा चढ. धोम गावात नृसिंहाचं देऊळ आहे आणि कासवाच्या पाठीवर बसवलेला सुरेख नंदी. तिथे पाणी प्या, दोन मिनिटं टेका, आणि मग वर जलाशयाकडे बघा. निळंशार पाणी, मागे डोंगर. तिन्ही रस्त्यांतला हा सर्वांत देखणा, ह्यात वाद नाही.

ह्या देखाव्याचं वय मात्र पन्नासच्या आसपास. कृष्णेच्या पाण्याचं भांडण १९६९ मध्ये लवादाकडे गेलं. १९७६च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी आलं. धोमची साठवण त्यातली साधारण साडेतेरा टीएमसी. कालव्यांनी ते खालच्या भागात, कोरेगाव-साताऱ्याकडे गेलं. तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्याची किंमत विचारा, तो धरणाला हात जोडेल.

पण हा तलाव जिथे आहे तिथे आधी शेतं होती. नदीकाठची म्हणजे सगळ्यात कसदार. ज्यांची ती गेली त्यांना उठून दुसरीकडे जावं लागलं. १९७६ मध्येच महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, देशात असा पहिला. कायदा लागला म्हणजे त्याआधी काय काय घडलं असेल ह्याचा अंदाज बांधता येतो.

रास्त्यांचं नाव देवळाशी जोडलेलं आहे, नानांचं वाड्याशी. धरणावर खात्याची पाटी आहे. पाण्याखालच्या बांधावर कुणाचं नाव होतं, हे काठावर कुठेही वाचायला मिळत नाही. रास्त्यांनी पूर गृहीत धरून बांधलं आणि पाण्याला वाट करून दिली. धोमला आपण पाणी अडवलं आणि वाट माणसांना करून द्यावी लागली. दोन्ही कामं गरजेची होती, दोन्ही कामं बुद्धीची होती. पण दुसऱ्याचं बिल भरणारे आणि पाणी पिणारे वेगळे होते, एवढं तरी आपल्याला माहीत असावं.

असो. ज्यांना जायचंय त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाठावा, धुकं असतं आणि ऊन उशिरा चढतं. आधी घाट, मग मेणवली, आणि पाय तयार झाले की धोम. ह्याच क्रमाने पळा. परत येताना उतार आहे.