गुप्ते, सुभाष पंढरीनाथ

(११ डिसेंबर १९२९–३१ मे २००२). भारताचे लेगस्पिन गोलंदाज, इंग्लंडच्या लँकेशर लीगमध्ये रिश्टन क्लबचे व्यावसायिक खेळाडू आणि उत्तरायुष्यात त्रिनिदादचे रहिवासी. जन्म मुंबईत. ३६ कसोटी सामन्यांत २९.५५ च्या सरासरीने १४९ बळी, प्रथम श्रेणीत एकूण ५३० बळी. धाकटे बंधू बाळू गुप्ते हेही लेगस्पिनर आणि कसोटीपटू. गुप्ते यांच्याविषयी लिहिताना बहुतेक जण थेट १९६१ च्या दिल्ली प्रकरणावर येतात आणि तिथेच थांबतात. त्या वेळी झालेला अन्याय खराच होता. त्याची हकीकत पुढे येईलच. पण तेवढ्यावर थांबले की हा माणूस कशावर जगला, हा साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. खेळाच्या जोरावर पोट भरता येईल अशी जागा देशात नसताना ती परदेशात शोधणाऱ्या पहिल्या काही भारतीयांत गुप्ते होते. त्यांची कारकीर्द या बाजूने पाहिली, तरच तिचे सगळे तुकडे एकमेकांना जुळतात.

१९५० च्या दशकात भारतात क्रिकेट हा पेशा नव्हता. कसोटी खेळणाऱ्याच्या हाती भत्ता पडे. घर चालायचे ते बँकेतल्या, रेल्वेतल्या, एखाद्या कंपनीतल्या नोकरीवर नाही तर संस्थानिकाच्या आश्रयावर. मुंबईत वाढलेले गुप्ते रणजी सामने बंगालकडून आणि राजस्थानकडूनही खेळले. इंग्लिश काउंटी संघांची दारे परदेशी खेळाडूंना बहुतांशी बंद होती. १९६८ मध्ये नियम सैल झाले आणि फारुख इंजिनीअर लँकेशर काउंटीकडे गेले. सुनील गावसकर सॉमरसेटकडून खेळले ते १९८० मध्ये. गुप्ते यांच्या वेळी उरत होती ती उत्तर इंग्लंडमधल्या गिरणगावांची लीग. तिथली रीत सरळ होती. प्रत्येक क्लबात दहा जण स्थानिक हौशी खेळाडू, दिवसा गिरणीत, दुकानात, कचेरीत राबणारे. अकरावा एकटा पगारी. शनिवारी दुपारी एका डावाचा सामना. मैदानावर गर्दी खेचायची ती या पगारी माणसाच्या नावावर. गावातल्या पोरांना शिकवण्याची जबाबदारीही त्याचीच. त्याने अर्धशतक काढले की प्रेक्षकांत पैसे गोळा करून त्याला दिले जात. वेस्ट इंडिजच्या लिअरी कॉन्स्टंटाइन यांनी १९२९ ते १९३७ या नऊ हंगामांत नेल्सनला सात वेळा विजेतेपद मिळवून दिले. त्यांच्यामागून लाला अमरनाथ त्याच क्लबात गेले. फ्रँक वॉरेल रॅडक्लिफला, एव्हर्टन वीक्स बेकपला, क्लाइड वॉलकॉट एनफील्डला आणि गुप्ते रिश्टनला.

या लीग क्रिकेटवर पहिला आक्षेप दर्जाचा घेतला जातो. गिरणी कामगारांविरुद्ध घेतलेल्या बळींना कसली किंमत, असा तो आक्षेप. त्या बळींना कसोटीच्या बळींशेजारी बसवावे, असे कोणीच म्हणत नाही. पण एका क्लबात एकच व्यावसायिक असला की सामन्याचा भार त्याच्या अंगावर येतो, आणि समोरच्या संघातही असाच एक कसलेला माणूस असतो. शिवाय तिथे जाणारे कोण होते, ते पाहावे. देशात जागा न मिळालेले दुय्यम खेळाडू तिथे जात, हा समज विनू मंकड यांच्या उदाहरणानेच खोटा ठरतो. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात निवडीची हमी द्यायला भारतीय क्रिकेट मंडळाने नकार दिला, म्हणून मंकड यांनी हॅसलिंग्डनशी करार केला. पहिल्या कसोटीत भारताची दाणादाण उडाल्यावर मंडळानेच क्लबाकडून त्यांना मागून घेतले, आणि लॉर्ड्सवर त्यांनी ७२ व १८४ धावा काढल्या, पाच बळीही घेतले. बास्केटबॉलमध्येही असेच दिसते. अमेरिकेतले अनेक खेळाडू आज इटली, तुर्कस्तान, इस्रायलमधल्या क्लबांत परदेशी म्हणून खेळतात आणि त्यांना घरी नाकारलेले समजण्याची सवय आहे. पण पुढे न्यूयॉर्क निक्सकडून नाव कमावणारे बिल ब्रॅडली ऑक्सफर्डला शिकत असताना मिलानच्या संघाकडून खेळले आणि १९६६ मध्ये त्या संघाने युरोपचा चषक जिंकला. गुप्ते यांची पत तर आकड्यांतच दिसते: १९५२-५३ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये २७ कसोटी बळी, १९५५-५६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध ३४. १९५४-५५ मध्ये मुंबईकडून एका डावात ७८ धावांत दहाच्या दहा बळी. १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडिजचा डाव २२२ धावांत संपला, त्यातले नऊ बळी गुप्ते यांनी १०२ धावांत घेतले. दहावा वसंत रांजणे यांच्या वाट्याला गेला. गॅरी सोबर्स त्यांना आपण पाहिलेला सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर मानत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गुप्ते स्वेच्छेने गेले नाहीत, त्यांना घालवले, असे म्हणता येईल. १९६१ च्या डिसेंबरात कानपूरला त्यांनी इंग्लंडचे पाच बळी घेतले आणि इंग्लंडवर फॉलोऑनची पाळी आली. पुढच्याच दिल्ली कसोटीच्या वेळी त्यांच्या खोलीत राहणाऱ्या कृपाल सिंग यांनी हॉटेलच्या स्वागतिकेला फोन केला आणि तिने तक्रार केली. फोन गुप्ते यांनी केला नव्हता. सहकाऱ्याला रोखले नाही, एवढ्या ठपक्यावर त्यांनाही संघाबाहेर काढले गेले आणि वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर नेले नाही. तिथे भारत पाचही कसोटी हरला. बत्तिशीतल्या गोलंदाजाला असे संपवणे हे मंडळाच्या कारभारावरचे कायमचे लांच्छन आहे, यात दुमत असू नये. तरीही त्यांच्या परदेशी आयुष्याची सुरुवात या प्रकरणातून झाली नाही. १९५३ च्या दौऱ्यातच त्रिनिदादच्या भारतीय वंशाच्या कुटुंबाशी त्यांची ओळख झाली होती आणि तिथल्याच मुलीशी त्यांनी लग्न केले. रिश्टनचे हंगामही या प्रकरणाच्या आधीचे. मंडळाने दार लावले तेव्हा बाहेर उभे राहण्याइतका आधार गुप्ते यांनी स्वतः मिळवलेला होता. तसा आधार नसलेल्या कितीतरी खेळाडूंना मुकाट्याने निवृत्त व्हावे लागे.

आता खेळावर पोट भरण्याचे हे गणित पालटले आहे. पालघर जिल्ह्यातल्या शार्दुल ठाकूरचेच उदाहरण घ्या.  २०२५ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स काउंटीशी त्याचा सात सामन्यांचा करार ठरला होता. आयपीएलमधून ऐनवेळी बोलावणे आले आणि तो लखनऊकडून खेळला. गुप्ते यांच्या पिढीला देशात अशी मागणीच नव्हती. ते त्रिनिदादला स्थायिक झाले, साखर उद्योगात नोकरी केली, त्रिनिदादकडून प्रथम श्रेणीचे सामनेही खेळले. भारतीय मंडळाने सी. के. नायडू पुरस्कार दिला तो २००० मध्ये, शेवटच्या कसोटीनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. निधन पोर्ट ऑफ स्पेन येथे.