दारूचा ठेका, आकड्यांचा ठेका

दारूचा इतिहास लिहिताना सारे पिणाऱ्याकडे बोट दाखवतात. मला येथे मोजणाऱ्याकडे पाहावयाचे आहे.

भंडारा जिल्हा इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतात होता. मोहाची फुले रानात फुकट पडत. पण भट्टीचा हक्क आणि गुत्त्याचा परवाना सरकार लिलावात विके. पुढे ठरावीक मुलखाला दारू पुरवण्याचे ठेके दिले गेले. अबकारी खात्याच्या वह्यांत दारू किती खपली, महसूल किती आला, याचा चोख हिशेब असे. दारूने किती संसार मोडले, किती यकृते सडली, याचा रकाना त्या वह्यांत नव्हता. कारण मोजणारा स्वतःच विक्रीतला भागीदार होता.

हा दुसरा हिशेब मांडला तो चळवळीने. बाबासाहेब १९५४ साली याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा होती. त्यासाठी कोणाचे अनुदान नव्हते. राज्यात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा पुस्तकात राहिला आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूची परवानाधारक दुकाने चालली.

आज सरकार दारूच्या अभ्यासावरही पैसा खर्च करते. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या पैशातून दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली. २०१९ च्या तिच्या अहवालानुसार सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५.७ कोटींना उपचाराची गरज आहे. पण हे अंदाज राज्यापर्यंतच येऊन थांबतात. आरोग्य मंत्रालयाच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९-२१ मध्ये जिल्हावार टक्केवारी दिली. तिचे घरोघर फिरण्याचे काम ठेक्याने नेमलेल्या संस्था करतात. देशात पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के पितात, असे तिने नोंदले.

या आकड्यांना मी नाकारत नाही. ते आपल्याला हवेच आहेत. पण परवान्याशिवाय पिणे जेथे गुन्हा आहे, तेथे अनोळखी माणसाने दारात उभे राहून विचारले तर खरे कोण सांगेल? शिवाय अनुसूचित जाती, जमाती अशा रकान्यांत टक्के मांडले आणि शेजारी बिडी वळणाऱ्याची मजुरी, मँगेनीज खाणीतली पाळी, धानाच्या बांधावरचे रिकामे महिने मांडले नाहीत, तर वाचणारा व्यसनाला जातीचा गुण समजतो. गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबांनी तेच केले होते.

शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. २०१६ पासून तेथे शासन, टाटा ट्रस्ट आणि सर्च यांचे मुक्तिपथ अभियान गावोगाव काम करते. पैसा सरकारचा असूनही काम गावाच्या हाती राहू शकते, हे त्यातून दिसते. भंडाऱ्यासाठी माझी मागणी एवढीच: दारूच्या महसुलातला ठरलेला वाटा आरोग्याच्या पाहणीला द्यावा, ती पाहणी अबकारी खात्यापासून अलग असावी, आणि तिचे निष्कर्ष मराठीत छापून प्रथम ग्रामसभेत, बायांसमोर वाचले जावेत.