दोघे निर्दोष, जोडी बिथरलेली

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात व्होल्टेज उतरले की घरातला बल्ब मिणमिणतो, विहिरीवरची मोटर मात्र जास्त विद्युतधारा ओढून तापते, प्रसंगी जळते. तिला पाणी तेवढेच उपसायचे असते ना! असाच हट्ट संगणकाच्या पॉवर सप्लायमधल्या परिवर्तकाचाही असतो.

परिवर्तकातला स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. बाहेरचे व्होल्टेज हलले तरी आत ठरलेलेच व्होल्टेज जावे म्हणून स्विच चालू राहण्याचा काळ बदलत राहतो. समजा, आत ५० वॅट हवेत. २५ व्होल्टला २ अँपिअर लागतील, २० व्होल्टला २.५. विद्यार्थ्यांना आलेख काढायला सांगावा. कोणत्याही बिंदूपाशी व्होल्टेज भागिले धारा धनच येते, पण वक्राचा उतार ऋण. २५ व्होल्टजवळच्या लहान चढउतारांना हा परिवर्तक उणे १२.५ ओहमचा रोध भासतो.

एवढ्याने काही बिघडत नाही. पण स्विच धारा तुकड्यातुकड्यांनी ओढतो. ती खरखर बाहेर जाऊ नये म्हणून परिवर्तकाआधी वेटोळे आणि कंडेन्सर यांची गाळणी बसवतात. ही जोडी झोपाळ्यासारखी झुलते आणि साधा रोध तिला शांत करतो. ऋण रोध मात्र दर झोक्याला आणखी ढकलतो. गाळणी निर्दोष, परिवर्तकही निर्दोष. एकत्र आले की थरथर सुरू!

अमेरिकेत यू आणि बीस यांनी १९७१ मध्ये या गाळण्यांविषयी लिहिले. सर्वांच्या हाती पडेल असा निकष दिला तो कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेचे प्राध्यापक मिडलब्रुक यांनी, १९७६ मध्ये. बदलत्या धारेला होणाऱ्या एकूण विरोधाला संरोध म्हणतात. कोणत्याही वारंवारतेला गाळणीच्या परिवर्तकाकडील टोकाचा संरोध परिवर्तकाच्या प्रवेशाकडील संरोधापेक्षा बराच कमी हवा. तसा तो नसेल तर गाळणीच्या कंडेन्सरला समांतर दुसरा मोठा कंडेन्सर, एक रोध मध्ये घालून, जोडतात. कंडेन्सर स्थिर धारा अडवतो, म्हणून रोधात एरवी वीज वाया जात नाही. झोके तेवढे विरतात. आम्हाला निकषापेक्षा ही युक्तीच जास्त आवडते.

रेल्वेच्या लांबलचक तारेतही वेटोळ्याचे आणि कंडेन्सरचे गुण असतात. १९९५ मध्ये झुरिकजवळ नव्या धाटणीची, परिवर्तक असलेली इंजिने आणि विजेचे जाळे यांचे असेच बिनसले आणि इंजिने आपोआप बंद पडली. पुढे युरोपात इंजिन व तार यांचा मेळ तपासण्याची मानके आली. आपल्याकडे चित्तरंजनच्या कारखान्यात १९९८ पासून तीन-फेजची परिवर्तक-इंजिने बनू लागली. आज दौंड जंक्शनवर २५,००० व्होल्टच्या तारेखाली अशीच इंजिने गाड्या ओढतात.